मेल नेमका कुठून आला?

ई-मेलवर पाठवणाऱ्याचे म्हणून जे नाव आणि जो पत्ता दिसतो, तो पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला मजकूर असतो. तो खरा आहे का, हे तपासण्याची सोय मूळ ई-मेल व्यवस्थेत ठेवलेलीच नव्हती. ‘केवायसी अपूर्ण आहे, खाते आज रात्री बंद होईल’ असे धमकावणारा मेल थेट बँकेच्या पत्त्यावरून आल्यासारखा दिसू शकतो, तो यामुळेच. स्पॅमचा माग काढायचा तर हे दर्शनी नाव आधी बाजूला ठेवावे लागते. मेल ज्या सर्व्हरांच्या हातून आला त्यांनी मागे सोडलेल्या नोंदी वाचाव्या लागतात. या नोंदी प्रत्येक मेलसोबत येतात आणि त्या पाहण्यासाठी कोणतेही खास साधन लागत नाही. तरीही बहुतेकांनी त्या कधी उघडून पाहिलेल्या नसतात.

व्यवस्थेतली ही ढिलाई तिच्या जन्मकाळापासूनची आहे. एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल नेण्याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली मांडले. तेव्हा नेटवर्कवर विद्यापीठे, संशोधन संस्था आणि काही सरकारी विभाग एवढीच मंडळी होती. कोणी दुसऱ्याच्या नावाने लाखो पत्रे धाडेल, ही शंका घ्यायला जागा नव्हती. अनाहूत जाहिरात मात्र त्याआधीच येऊन गेली होती. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीतल्या गॅरी थर्क यांनी कंपनीच्या नव्या यंत्रांचे प्रात्यक्षिक पाहायला येण्याचे निमंत्रण इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकगठ्ठा पाठवले. तक्रारी झाल्या आणि अर्पानेटचा कारभार पाहणाऱ्या अमेरिकी संरक्षण खात्याच्या विभागाने हा वापर नियमबाह्य ठरवला. मेल कोणी पाठवला हे तेव्हा सर्वांना ठाऊक होते, तक्रार कोणाकडे करायची हेही. आज या दोन्ही गोष्टी शोधून काढाव्या लागतात.

शोध कसा घ्यायचा हे पोस्टातल्या पत्रावरून चटकन समजते. पाकिटावर एक पत्ता असतो आणि आतल्या कागदाच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचे नाव असते. पोस्टाचा संबंध फक्त पाकिटाशी. मेलचेही तसेच आहे. सर्व्हर आपापसांत बोलताना पाठवणारा कोण आणि घेणारा कोण हे वेगळे सांगतात, ते पाकीट. वाचणाऱ्याला दिसणारी ‘फ्रॉम’ ही ओळ आतल्या कागदावरची असते आणि तिथे काहीही लिहिता येते. वाटेतला प्रत्येक सर्व्हर मात्र मेल हाती घेतला की त्यावर आपला शिक्का उमटवतो: कोणाकडून मिळाला, कोणी घेतला, किती वाजता. या ओळी ‘रिसीव्हड’ या शब्दाने सुरू होतात. नवा शिक्का नेहमी सर्वांत वर बसतो, त्यामुळे प्रवासाचा क्रम खालून वर वाचायचा असतो. विश्वास ठेवायचा तो मात्र वरून खाली.

या ओळी मेलच्या हेडरमध्ये दडलेल्या असतात. संगणकावर जीमेल उघडून मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर गेले की ‘शो ओरिजिनल’ हा पर्याय मिळतो. आउटलुकमध्ये ‘व्ह्यू मेसेज सोर्स’ आणि याहूत ‘व्ह्यू रॉ मेसेज’ असे शब्द आहेत. मोबाइलवरच्या जीमेल ॲपमध्ये ही सोय नाही, त्यासाठी संगणकच गाठावा लागतो. समोर जो मजकूर येतो तो पहिल्यांदा पाहणाऱ्याला गोंधळात टाकतो, पण त्यातल्या चार-पाच ओळीच कामाच्या असतात.

समजा, एका बँकेच्या नावाने मेल आला आहे आणि त्यात तीन ‘रिसीव्हड’ ओळी आहेत. सर्वांत वरच्या ओळीत आपल्याच मेल कंपनीच्या एका सर्व्हरने दुसऱ्याकडे मेल सोपवल्याची नोंद आहे. तिथला आयपी पत्ता, म्हणजे यंत्राचा नेटवर्कवरचा क्रमांक, १० या आकड्याने सुरू होतो. १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते एखाद्या संस्थेच्या वा घराच्या अंतर्गत जाळ्यापुरते असतात, त्यांवरून बाहेरच्या कोणाचा पत्ता लागत नाही. ही ओळ सोडून द्यायची. दुसरी ओळ साधारण अशी आहे:

रिसीव्हड: फ्रॉम मेल.अमुकबँक.इन (अननोन [२०३.०.११३.४५]) बाय एमएक्स.तमुकमेल.इन; मंगळवार, १०:४२:०७ +०५३०

सगळा शोध या ओळीवर उभा आहे. ‘फ्रॉम’नंतरचे बँकेचे नाव ही समोरच्या यंत्राने स्वतःची करून दिलेली ओळख आहे. दार ठोठावताना ते यंत्र जे नाव सांगेल ते इथे जसेच्या तसे उतरते. चौकटी कंसातला आकडा मात्र घेणाऱ्या सर्व्हरने स्वतः पाहिलेला आहे. मेल देताना दोन यंत्रांमध्ये प्रश्नोत्तरे होतात आणि प्रत्येक उत्तर त्या पत्त्यावर परत जावे लागते. पत्ता खोटा दिला तर उत्तर भलतीकडे जाईल आणि बोलणेच तुटेल. म्हणून नाव हवे ते सांगता येते, पण हा आकडा सहजी बनवता येत नाही. ‘अननोन’ या शब्दाचा अर्थ, त्या आकड्याच्या नावे कोणताही नीट नोंदलेला सर्व्हर सापडला नाही. बँकेच्या खऱ्या मेल सर्व्हरच्या बाबतीत असे सहसा होत नाही. शेवटचे +०५३० हे भारतीय प्रमाणवेळेचे चिन्ह. उदाहरणातला आकडा कोणत्याही खऱ्या यंत्राचा नाही, तो ज्या गटातला आहे तो गट लेखांतल्या आणि पुस्तकांतल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे.

तिसरी, सर्वांत खालची ओळ सांगते की हा मेल बँकेच्या मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवरून त्याच दिवशी ०९:५५:३० +०००० या वेळी निघाला. ही वेळ भारतीय वेळेत आणली तर दुपारचे ३ वाजून २५ मिनिटे होतात. म्हणजे मेल पोहोचल्यानंतर जवळजवळ पावणेपाच तासांनी तो निघाला! सर्व्हरचे घड्याळ दोन-चार मिनिटे मागेपुढे असू शकते, तासांचा फरक पडला की संशय घ्यावा. शिवाय खालच्या ओळीत मेल ज्याने घेतला असे लिहिले आहे, त्यानेच तो वरच्या ओळीत पुढे द्यायला हवा. इथे ती साखळी जुळत नाही. ही ओळ स्पॅम पाठवणाऱ्याने आधीच लिहून ठेवलेली आहे. असे बनावट शिक्के खाली चिकटवण्याचा उद्देश एकच असतो, तक्रार करणाऱ्याला भलत्याच दारात नेऊन उभे करणे. म्हणून आपण स्वतः निवडलेल्या मेल कंपनीच्या सर्व्हरने बाहेरून मेल घेताना जी नोंद केली, ती भरवशाची शेवटची ओळ. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या पत्त्यावर आलेला मेल आपोआप जीमेलकडे वळवला जात असेल तर कॉलेजच्या सर्व्हरची नोंदही भरवशाची धरता येते आणि शोध एक पायरी आणखी खाली नेता येतो. त्याखालचे काहीही पुरावा म्हणून धरू नये.

याच हेडरमध्ये ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ नावाची ओळ असते. व्यवस्थेतली जुनी ढिलाई भरून काढण्यासाठी पुढे ज्या तीन उपायांची भर पडली त्यांचा निकाल तिथे लिहिलेला असतो. एसपीएफ पाहते की ज्या डोमेनचे (पत्त्यातल्या @ पुढच्या भागाचे) नाव पाकिटावर आहे त्याच्या मालकाने या सर्व्हरला मेल पाठवण्याची परवानगी दिली आहे का. डीकेआयएम ही मेलवरची संगणकीय सही, मजकूर वाटेत बदलला तर ती जुळत नाही. डीमार्क या दोन्हींची सांगड वाचणाऱ्याला दिसणाऱ्या ‘फ्रॉम’ पत्त्याशी घालते आणि न जुळणाऱ्या मेलचे काय करायचे ते डोमेनचा मालक त्यातून जाहीर करतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू या दोघांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. जीमेलच्या बाबतीत ही मर्यादा दिवसाला ५,००० मेलची आहे.

मात्र ‘पास’ हा शब्द दिसला म्हणून मेल सज्जनाचा आहे असे समजणे धोक्याचे. बँकेच्या नावापुढे ‘केवायसी’ किंवा ‘अपडेट’ असे शेपूट जोडून कोणीही नवे डोमेन विकत घेऊ शकतो आणि त्यावर तिन्ही उपाय रीतसर बसवू शकतो. मेल खरोखर त्या डोमेनवरून आला एवढेच ‘पास’मधून कळते. ते डोमेन कोणाचे, हे डोळ्यांनी अक्षर अन् अक्षर वाचूनच ठरवावे लागते.

आयपी पत्ता हाती आला की तो कोणाच्या ताब्यात आहे हे पाहायचे. जगातले आयपी पत्ते पाच प्रादेशिक नोंदणी संस्था वाटतात. उत्तर अमेरिकेसाठी एरिन, युरोप आणि पश्चिम आशियासाठी राइप, लॅटिन अमेरिकेसाठी लॅकनिक, आफ्रिकेसाठी ॲफ्रिनिक आणि आशिया-प्रशांत भागासाठी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधली एपनिक. भारतातल्या कंपन्यांना पत्ते देण्याचे काम निक्सी या संस्थेच्या अखत्यारीतली आयआरआयएनएन ही नोंदणी करते. या संस्थांच्या संकेतस्थळावर ‘हूइज’ किंवा त्याची नवी आवृत्ती असलेल्या ‘आरडॅप’च्या चौकटीत आकडा टाकला की तो पत्ता ज्या गटात मोडतो तो गट, तो घेतलेली कंपनी आणि तक्रारीचा पत्ता समोर येतो. ‘ॲब्यूज’ हा शब्द असलेला पत्ता शोधायचा. गैरवापराच्या तक्रारींसाठी प्रत्येक नेटवर्कने याच नावाची पेटी ठेवावी, असा संकेत १९९७ साली लेखी स्वरूपात ठरलेला आहे. नोंदीत दिसणारा देश हा पत्त्यांचा गट जिथे नोंदला तो देश असतो. मेल पाठवणारा माणूस त्या देशात बसला आहे, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

हा माग क्वचितच खऱ्या गुन्हेगाराच्या घरापर्यंत जातो. मोठ्या प्रमाणावरचा स्पॅम बहुधा दुसऱ्यांच्याच यंत्रांवरून निघतो. व्हायरस शिरलेला दुकानातला संगणक, सोपा पासवर्ड ठेवलेले शाळेचे मेल खाते, वर्षानुवर्षे अपडेट न केलेली एखादी वेबसाइट. मालकाला पत्ताही नसतो. अशी हजारो यंत्रे एका धन्याच्या हुकमाखाली काम करतात तेव्हा त्यांना बॉटनेट म्हणतात. रस्टॉक नावाचे असेच एक प्रचंड बॉटनेट मार्च २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकी न्यायालयाचा आदेश मिळवून बंद पाडले. म्हणून तक्रारीत शिवीगाळ किंवा आरोप करण्याने काही साधत नाही. सापडलेल्या पत्त्यावरचा माणूस पुष्कळदा स्वतःच गंडवला गेलेला असतो आणि ती तक्रार ही त्याला मिळालेली पहिली सूचना ठरते.

जीमेलसारख्या खात्यातून ब्राउझरमार्फत पाठवलेल्या मेलमध्ये तर पाठवणाऱ्याच्या घरचा आयपी पत्ता येतच नाही, गूगलच्या सर्व्हरचा येतो. तिथे मागाचा शेवट गूगलपाशी होतो आणि तक्रारही तिथेच करावी लागते. तक्रार करायची ठिकाणे अशी एकाहून अधिक असतात. मेल ज्या नेटवर्कवरून निघाला ते पहिले. मेलमधल्या लिंकवर क्लिक केल्यावर जी खोटी वेबसाइट उघडणार असते ती ठेवणारी होस्टिंग कंपनी दुसरी. त्या वेबसाइटचे डोमेन विकणारा रजिस्ट्रार तिसरा. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या, डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅनच्या सुधारित करारानुसार फिशिंगचा, म्हणजे खोट्या मेल-वेबसाइटने माहिती लुबाडण्याचा, पक्का पुरावा आल्यावर ते थांबवण्यासाठी पावले उचलणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. लॉटरी किंवा वारसाहक्काच्या आमिषाच्या मेलमध्ये ‘रिप्लाय-टू’ या ओळीत वेगळाच पत्ता असतो, कारण सावज तिथे उत्तर पाठवणार असते. तो पत्ता ज्या कंपनीचा, तिला कळवणे फार उपयोगाचे. पाठवणारा सर्व्हर बदलणे चोराला सोपे जाते. उत्तरांची पेटी बंद पडली तर हाताशी आलेली सगळी सावजे सुटतात.

तक्रारीतला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे संपूर्ण हेडर. मेल साधा फॉरवर्ड केला की मूळ हेडर गळून पडते आणि तिथे आपलेच हेडर बसते. अशा तक्रारीवर कोणी काही करू शकत नाही. त्यामुळे ‘फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट’ हा पर्याय वापरावा किंवा ‘शो ओरिजिनल’मधला सगळा मजकूर जसाच्या तसा चिकटवावा. स्क्रीनशॉट पुरत नाही. विषयाच्या ओळीत आयपी पत्ता आणि तारीख, मजकुरात दोन वाक्ये, एवढे पुरे: आपल्या नेटवर्कवरील या पत्त्यावरून, या वेळी, हा मेल आला, मूळ प्रत सोबत जोडली आहे. वेळ सेकंदासह आणि +०५३० या चिन्हासह द्यावी. याला कारण आहे. मोबाइल इंटरनेटवर एकच सार्वजनिक आयपी पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहक वापरत असतात, आणि ब्रॉडबँडवरचा पत्ता आज एकाचा तर उद्या दुसऱ्याचा असतो. वेळ नेमकी नसेल तर कंपनीला ग्राहक ओळखता येत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलताच ग्राहक धरला जातो.

दर्शनी ‘फ्रॉम’ पत्त्यावर रागाने उत्तर पाठवू नये. तो पत्ता बहुतेक वेळा कुणा निरपराध माणसाचा असतो, आणि तो खरोखर पाठवणाऱ्याचाच असेल तर आपला पत्ता चालू आहे ही खबर आपणच देऊन बसतो. अनोळखी मेलमधली ‘अनसबस्क्राइब’ची लिंकही त्याच कारणाने दाबू नये. ज्या दुकानाला किंवा संस्थेला आपणच कधीतरी पत्ता दिला होता, त्यांच्या जाहिराती नकोशा झाल्या तर गोष्ट वेगळी. तिथे अनसबस्क्राइब करणे हाच सरळ मार्ग.

हे सगळे हाताने करणे ज्यांना जड वाटते त्यांच्यासाठी स्पॅमकॉप ही सेवा आहे. ज्युलियन हेट यांनी ती १९९८ मध्ये सुरू केली, आता ती सिस्को कंपनीकडे आहे. पूर्ण मेल तिथे चिकटवला की ती ‘रिसीव्हड’ ओळी तपासते, बनावट ओळी वगळते आणि योग्य नेटवर्ककडे जाणारी तक्रार तयार करून दाखवते. पाठवण्याआधी तिच्यावर एक नजर टाकावी, नाहीतर आपल्याच मेल कंपनीविरुद्ध तक्रार जाण्याची शक्यता राहते. आणि काहीच करायचे नसेल तर निदान मेल खोडून टाकण्याऐवजी ‘रिपोर्ट स्पॅम’चे बटण दाबावे. ते दाबणे वाया जात नाही. त्यावरून गाळणी शिकते. याहू आणि मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्या अशा तक्रारी त्यासाठी नाव नोंदवलेल्या मेल पाठवणाऱ्या नेटवर्कांनाही कळवतात. मोठ्या पाठवणाऱ्यांच्या मेलविरुद्ध येणाऱ्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहिल्या पाहिजेत, असा गूगलचा दंडक आहे. हजार मेलमागे तीन माणसांनी ते बटण दाबले तरी पाठवणारा अडचणीत येतो.

तक्रारीला बहुधा उत्तर येत नाही, आले तरी यंत्राने धाडलेली पोच असते. म्हणून काही घडत नाही असा समज पसरलेला आहे, तो खरा नाही. नोव्हेंबर २००८ मधली घटना याची साक्ष देते. कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे इथल्या मॅककोलो या होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरांवरून अनेक बॉटनेटांना हुकूम सुटत होते. सुरक्षा संशोधकांनी पुरावे गोळा केले होते आणि वॉशिंग्टन पोस्टचे पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी ते मॅककोलोला इंटरनेटची जोडणी देणाऱ्या दोन वरच्या कंपन्यांपुढे ठेवले. ११ नोव्हेंबरला त्या कंपन्यांनी जोडणी तोडली आणि जगभरातला स्पॅम एका दिवसात निम्म्याहून अधिक घटला. काही महिन्यांत तो पुन्हा वाढला हेही खरे, पण ज्याच्याकडे तक्रार केली तो दाद देत नसेल तर त्याला जोडणी पुरवणाऱ्याकडे जावे, हा धडा त्यातून कायमचा मिळाला. लंडनमध्ये १९९८ साली स्टीव्ह लिनफर्ड यांनी सुरू केलेल्या स्पॅमहाउस या संस्थेच्या, स्पॅम सोडणाऱ्या पत्त्यांच्या याद्यांचा वचकही याच कारणाने आहे. जे नेटवर्क तक्रारींकडे कानाडोळा करते त्याचे पत्ते या यादीत गेले की त्याच्या प्रामाणिक ग्राहकांचेही मेल जगभर अडू लागतात, आणि मग त्या कंपनीला हालचाल करावीच लागते.

नेटवर्ककडे केलेल्या तक्रारीने खाते बंद होते, यंत्र साफ होते किंवा वेबसाइट खाली येते. त्या आयपी पत्त्यामागच्या ग्राहकाचे नाव मात्र कंपनी सामान्य तक्रारदाराला सांगत नाही आणि सांगूही नये. ते मिळवण्याचा अधिकार तपास यंत्रणांना आणि न्यायालयाला आहे. भारतात ई-मेल स्पॅमविरुद्ध स्वतंत्र कायदा नाही. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायचे २०१८ चे नियम व्यापारी फोन आणि एसएमएस यांच्यापुरते आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ या कलमात मेलच्या उगमाबद्दल दिशाभूल करणाऱ्याला शिक्षेची तरतूद होती, परंतु ते कलम अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला घालणारे ठरल्याने सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये संपूर्ण रद्द केले. तो निर्णय योग्यच होता. मात्र कलमासोबत ही तरतूदही गेली आणि तिच्या जागी दुसरी नेमकी तरतूद आणायला हवी होती, ती आलेली नाही. सोंग घेऊन फसवणूक केली असेल तर ६६ड हे कलम लागते. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

बँक, आयकर खाते किंवा पोलीस यांच्या नावाने आलेला फिशिंग मेल केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेलाही कळवता येतो. तिच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार इंटरनेट कंपन्यांना आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. त्यानंतर त्या कोणाकडे असतीलच असे नाही, म्हणून तक्रार रेंगाळू देऊ नये. पैसे गेले असतील तर मेलचा माग काढत बसण्याआधी १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम वाटेतच गोठवता येण्याची शक्यता असते. आणि तो मेल, कितीही किळस आली तरी, तपास पूर्ण होईपर्यंत खोडू नये.